स्वर्णरेखा

बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात
जमिनीखाली तार कुठे तुटली ते ऐकत होतो.
निवृत्त झालो आणि कान रिकामे पडले.
म्हणून हे यंत्र.

हेमलता म्हणते, तव्याला दांडा लावलाय.
तिचं चूक नाही. काळा तवाच, आत तारेचं वेटोळं,
कानांवर दोन वाट्या,
आणि मी, पट्टा घरी ठेवून
पायजम्याची नाडी घट्ट बांधून
सकाळी सहाला नदीत उतरलेला.

नदी म्हणजे नाव तेवढं.
लष्करातून जाते तेव्हा दोन भिंतींमधली काळी मोरी.
हिला सोन्याची रेघ कोणी म्हटलं, का म्हटलं,
जितक्यांना विचारलं तितक्या गोष्टी ऐकल्या.
सोनं पुढे कुठे गेलं, ते एकाही गोष्टीत नव्हतं.
वर, बांधाच्या अंगाला, सिमेंट संपतं,
थोडी वाळू उरते, चार बाभळी.
तिथे माझा रविवार.

जाड आवाज म्हणजे लोखंड.
घोड्याचा नाल, सायकलच्या चेनच्या तीन कड्या,
कुणाच्या तरी दाराचा कोयंडा,
माझ्या डाव्या मांडीतली सळई.
वाकलो की तीही बोलते.

बारीक, गोड आवाज आला
की हाताआधी मनच खुरपं होतं.
वीतभर खणतो.
गुटख्याची पन्नी.
पुन्हा गोड. पुन्हा पन्नी.
यंत्राच्या पुस्तिकेत छापलंय, लहान अक्षरात:
सोन्याचा आणि पन्नीचा स्वर जवळजवळ एकच.
हे वाचून मी बाभळीखाली
बराच वेळ बसून होतो.

एकदा संस्थानी पाव आणा निघाला,
दोन नाग, मध्ये झिजलेला सूर्य.
हेमलताने चिंचेने घासला.
अगं नको, म्हणेपर्यंत
सूर्य गेला, नाग राहिले.

स्मशानघाटाखाली मी बटण बंद करतो.
अस्थी प्रयागला नेल्या होत्या,
राख इथेच सोडली.
आईच्या तोंडात ठेवलेला मणी, गुंजभर,
तो वाजला तर काय करायचं
हे अजून ठरलेलं नाही.

कल्लोबाईकडे बंद करायला काही नाहीच.
एक परात, एक सुपली, घोट्यापर्यंत पाणी.
पहाटे सराफ्यातल्या मोऱ्या झाडते,
सोनारांच्या पायऱ्यांखालची धूळ
गोणीत भरून इथे आणते, धुते.
इथलं पाणी चांगलं आहे म्हणते.
चांगलं म्हणजे काय, ते मी विचारलेलं नाही.
माझं टूं-टूं महिनाभर ऐकून
एवढंच म्हणाली होती,
"बाबूजी, आपकी मशीन बोलती बहुत है."

परवा परातीत काळ्या रेतीची शेपटी पसरली
आणि तिच्या टोकाला एक कण थांबला.
राजगिऱ्याच्या दाण्याहून लहान.
तिने तो ओल्या नखावर उचलला.
"लगाओ."
परात लांब ठेव म्हटलं, लोखंड आहे.
स्वतःची मांडीही लांब धरली.
तवा नखाजवळ आणला,
बटण शेवटपर्यंत पिळलं.

काही नाही.
दोन्ही वाट्यांत नुसता
माझ्याच रक्ताचा आवाज.

ती हसली नाही, हे विशेष.
इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत कण सोडला,
बूच लावलं,
"एक कचौड़ी हो गई," म्हणाली,
आणि पुढची ओंजळ घेतली.

या रविवारी यंत्र बाभळीला टांगलं.
घरची परात पिशवीतून नेली होती.
पहिली वाळू सगळीच वाहून गेली,
दुसरीही.
"हाथ नहीं, कलाई! कलाई!"
कल्लोबाई सबंध नदीला ऐकू जाईल अशी ओरडली.
बत्तीस वर्षांत माझ्यावर असं
साहेबसुद्धा ओरडले नव्हते.

वर वाऱ्याने तवा फांदीवर आपटला,
आपल्याशीच काहीतरी पुटपुटला.
बघायला उठलो नाही.

संध्याकाळी हेमलता सगळी कपाटं उघडून बसली होती,
पुरणाची परात सापडत नाही म्हणून.
माझ्या पिशवीतून पाणी ठिबकत होतं.